कोपरापर्यंत काळं कशाला?

मैत्रिणींनो, सिनेमातली गरीब बाई कधी नीट न्याहाळलीत का? साडीला ठिगळ असतं, पण इस्त्रीची घडी तशीच! कपाळावर घाम, आणि भुवया मात्र कालच कोरलेल्या. कपडे एकाने ठरवले, मेकअप दुसऱ्याने, आणि दोघं एकमेकांशी बोललेच नाहीत की असं होतं.

मी तालुक्याच्या गावी शिवणकला शिकवते. गेल्या वर्षी इथल्या कॉलेजच्या मुलांनी ऊसतोड करणाऱ्या बाईवर लघुपट करायला घेतला. कपडे माझ्या वर्गातल्या मुलींकडे, मेकअप ब्युटीपार्लर कोर्सच्या मुलींकडे. आमच्या मुलींनी सुती साडी सोड्याच्या पाण्यात उकळून, उन्हात टाकून, काठ विटेच्या तुकड्याने घासून पार जुनेर करून आणली. तिकडच्या मुलींनी नायिकेचा चेहरा आणि कोपरापर्यंत हात रापलेले रंगवले. सगळ्या खूश!

तेवढ्यात माझ्या वर्गातली एक अबोल मुलगी म्हणाली, "मॅडम, साडीवर पुरुषाचा शर्ट पाहिजे. लांब बाह्यांचा. उसाचं पान हात कापतं. आणि बाही लांब असली तर कोपरापर्यंत काळं कशाला?"

"तुला गं काय माहीत?" कुणीतरी विचारलं.

"माझी आई जाते तोडीला."

वर्षभर तिने हे वर्गात कुणाला सांगितलं नव्हतं.

मग काय, दोन्ही वर्ग एका सतरंजीवर बसले. बाही कुठे संपते ते आमच्या मुलींनी सांगायचं, रापलेला रंग तिथून सुरू करायचा. डोक्याला फडकं, म्हणून कपाळाचा वरचा भाग थोडा उजळ. घरातल्या प्रसंगात बाई शर्ट काढून भाकरी थापते, तेव्हा मनगटावरची ती रेघ दिसली पाहिजे. एकही संवाद न बोलता बाईचं अख्खं आयुष्य कळतं हो त्यातून! शूटिंग कथेच्या क्रमाने होत नाही, म्हणून प्रत्येक प्रसंगाची नोंद वहीत केली. साडी कोणती, बांगड्या किती, ओरखडा कुठल्या हातावर... सोबत मोबाईलवर फोटो. सिनेमावाले याला कंटिन्युटी म्हणतात.

"सिनेमाचं कशाला, नवरीचा मेकअप शिकवा ना बाई," असं एकीच्या आईने मला सुनावलं. त्यांना मी आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैय्यांचं सांगितलं. 'गांधी'च्या वेशभूषेसाठी १९८३ साली जॉन मोलो यांच्यासोबत त्यांना ऑस्कर मिळालं. मेकअपची वाट मात्र बायकांना बरीच उशिरा मोकळी झाली. मुंबईच्या सिनेसृष्टीत संघटनेचं कार्ड बाईला मिळायचं ते हेअरड्रेसरचं. मेकअप आर्टिस्ट पुरुषच! चारू खुराना आणि आणखी काही जणी कोर्टात गेल्या, तेव्हा कुठे नोव्हेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही बंदी बेकायदा ठरवली. नवरीच्या मेकअपला मी नावं ठेवत नाही, पोट त्यावर भरतं. पण तिथे प्रत्येकीला सुंदरच करायचं असतं. इथे माणूस आधी समजून घ्यावा लागतो.

त्या अबोल मुलीने लघुपट फोनवर आईला पाठवला. आई तेव्हा फडावर होती. रात्री कोपीत बसून तिने तो दोनदा पाहिला आणि लेकीला फोन केला, "शर्ट बरोबर हाय. हात बी बरोबर. पर त्या बाईला कोयता धरता येत नाय गं."