बुडखा कसा काढावा?

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्याच्या दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते. काळ्या मातीतील कापूस व ऊस यांच्याबरोबरच मोसंबीच्या बागा हे या भागाचे वैभव होय. २०१२ साली पाऊस फार थोडा झाला. पुढच्या उन्हाळ्यात विहिरी आटल्या आणि टँकरने पाणी घालूनही जालना जिल्ह्यातील कित्येक बागा वाळून गेल्या. पोटच्या पोराप्रमाणे वाढविलेल्या झाडांवर शेतकऱ्यांना कुऱ्हाड चालवावी लागली. झाडे गेली, पण त्यांचे बुडखे जमिनीतच राहिले.

झाड तोडल्यावर मुळांसह जो भाग मागे उरतो, त्याला बुडखा म्हणतात. तो दिसतो लहान, परंतु अडवितो फार. नांगराचा फाळ त्यावर आपटून मोडतो. रोगट झाडाचा बुडखा तर अधिकच घातक! मोसंबीच्या डिंक्या रोगाची बुरशी मातीत व जुन्या मुळांत तग धरून राहते आणि त्याच जागी लावलेल्या कोवळ्या कलमाला ग्रासते. म्हणून नवी बाग लावण्यापूर्वी जुनी मुळे वेचून काढतात व खड्डे उन्हात तापू देतात.

बुडखा खणून काढणे ही सर्वांत जुनी रीत. वैशाखात काळी जमीन दगडासारखी टणक होते, तर भर पावसात तिचा चिखल पाय सोडत नाही. म्हणून पावसाळा सरल्यावर, जमिनीला वाफसा आला की हे काम काढावे. बुडख्याभोवती चर खणावयाचा, आडवी मुळे एकेक करून तोडावयाची आणि मग साखळदंड बांधून बैलांकडून किंवा ट्रॅक्टरने तो ओढावयाचा. जाणता माणूस झाड तोडतानाच बुंधा कमरेएवढा उंच ठेवतो. साखळी जितकी वर बांधावी, तितके बळ कमी लागते. कारण तो बुंधाच तरफेचे काम करतो.

आता जेसीबी यंत्र हेच काम थोड्या वेळात उरकते. मात्र त्यात तळाची निकस माती वर येते व वरची कसदार माती खड्ड्यात जाते. म्हणून वरचा थर आधी बाजूस काढून ठेवावा. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या आरंभी शेतकरी डायनामाइट लावून बुडखे उडवीत. ते काम अर्थातच जिवावरचे होते.

काही जण बुडखा जाळतात. वरची ज्वाला विझली, तरी विस्तव मुळांच्या आत धुमसत राहतो आणि जवळच्या कडब्याच्या गंजीला धोका पोहोचतो. शिवाय भोवतीच्या मातीतील उपयुक्त जीवजंतू होरपळतात. ही रीत टाळलेलीच बरी.

घाई नसेल, तर बुडखा कुजवावा. गिरमिटाने त्याला खोल भोके पाडून त्यांत शेणकाला भरतात व वर ओली माती घालतात. लाकूड कुजविणाऱ्या बुरशीला ओल, हवा व नत्र लागतो. लाकडात नत्र फारच थोडा असतो. ती उणीव शेण भरून काढते. तरीही बाभळीसारखे टणक लाकूड कुजण्यास अनेक वर्षे लागतात.

मूळची अमेरिकेतील वेडी बाभूळ मात्र वरवरच्या तोडीला दाद देत नाही. खोड व मूळ यांच्या सांध्याजवळ तिचे सुप्त डोळे असतात. जमिनीलगत तोडले की त्यांतून अनेक फुटवे उसळून येतात. तिला सुमारे एक फूट खाली खणून, हे डोळे असलेल्या भागाच्या खालूनच तोडावे लागते.

याच गुणाचा दुसरीकडे उपयोगही होतो. बुडखा काढण्यापूर्वी त्याची साल नखाने खरवडून पाहावी. आत हिरवी ओल दिसली, तर तो अजून जिवंत आहे. असा कडुनिंबाचा बुडखा बांधावर असल्यास त्याला हात लावू नये. एक-दोन जोमदार फुटवे राखून बाकीचे छाटावेत. खाली मुळांचा पसारा तयार असल्याने हे फुटवे नव्या रोपापेक्षा झपाट्याने वाढतात. ओढ्याकाठचा वाळलेला बुडखाही तेथेच राहू द्यावा. कारण त्याची मुळे कुजेपर्यंत काठची माती धरून ठेवतात.