टोचण्याआधीचं काम

आइसपॅकला घाम फुटेपर्यंत सिस्टर लसीला हात लावत नाहीत. डीप फ्रीजरमधून काढलेले चार पॅक टेबलावर मांडलेले. एकेक उचलून त्या कानाशी हलवतात. आत पाणी खळखळलं की तो व्हॅक्सिन कॅरियरमध्ये जातो. बीड जिल्ह्यातला उन्हाळा, पारा चाळिशीपार, आणि इथे बर्फ थोडा वितळायची वाट पाहणं चाललेलं. पण एचपीव्हीच्या, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण होणाऱ्या विषाणूवरच्या, लसीला उन्हाइतकंच भय गोठण्याचं. दोन ते आठ अंश ही तिची हद्द. उष्णता जास्त लागली तर लेबलवरच्या वर्तुळातला फिका चौकोन गडद होत जातो आणि चोरी उघडी पडते. गोठल्याचं मात्र तो चौकोन सांगत नाही. म्हणून हा कानाचा कारभार.

टोचायला मिनिटभर पुरतं. दंडात अर्धा मिली, एकच डोस, फुकट. वेळ खातात ते कागद. मुलगी चौदा पूर्ण केलेली हवी, पंधरावं ओलांडलेली नको. आणि आधारवर एक तारीख, शाळेच्या दाखल्यावर दुसरीच. आमच्या पिढीत अर्धा वर्ग एक जूनला जन्मलेला असे. ती गुरुजींची कृपा अजून पुरती सरलेली नाही.

मग संमतीपत्र. 2009-10 मध्ये खम्मम आणि वडोदऱ्यात एचपीव्हीची लस प्रायोगिक प्रकल्पात दिली गेली. काही मुलींचे मृत्यू झाले आणि 2010 मध्ये काम थांबलं. चौकशीत मृत्यूंचा लसीशी संबंध दिसला नाही. दिसलं ते हे, की खम्मममध्ये कितीतरी फॉर्मवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनची किंवा मुख्याध्यापकांची सही होती. त्या सह्यांनी लसीचं जेवढं नुकसान केलं तेवढं कुठल्या अफवेनं केलं नसेल. आशाताई फॉर्म घेऊन दारोदार फिरतात तेव्हा मला तो वेळेचा अपव्यय वाटत नाही.

दारात प्रश्न ठरलेला: “पिशवीला काही होणार नाही ना?” दुसऱ्या जिल्ह्यात हा नुसता प्रश्न असेल. इथे ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांच्या पिशव्या ऐन तिशीत काढल्या गेल्या; 2019 मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत अशा तेरा हजारांवर बायका निघाल्या. विचारणारी आई त्यांच्यातलीच असू शकते. “अक्का, पिशवी वाचावी म्हणूनच तर लस,” आशाताई म्हणतात, आणि ओट्यावर बसकण मारतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगानं देशात वर्षाला सत्तर-ऐंशी हजार बायका जातात. पण हा आकडा त्या सांगत नाहीत, गावातली माहितीतली बाई सांगतात. विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, हे वाक्य मात्र ओट्यावर कोणी उच्चारत नाही. “लग्नाआधी घेतलेली बरी” एवढ्यावर भागतं. अर्धीच गोष्ट सांगितली जाते, हे मला खटकतं. लस होऊन गेलेल्या संसर्गाला हटवत नाही, म्हणून आधी घ्यायची, एवढं तरी मुलीला कळायला हवं.

टोचल्यावर अर्धा तास बसवून ठेवणं सगळ्यांत अवघड. या वयात सुईच्या धास्तीनंच भोवळ येते, आणि एकीला आली की रांगेतल्या तिघींना येते. 2014 मध्ये कोलंबियातल्या एल कार्मेन दे बोलिव्हार गावात शाळकरी मुली अशाच धडाधड कोसळल्या. दोष लसीचा निघाला नाही, तरी व्हिडिओ देशभर फिरले आणि नव्वदीच्या वर असलेलं लसीकरण दोन वर्षांत चौदा टक्क्यांवर आलं. इथे सिस्टरांनी टोचायची खोली वेगळी ठेवली आहे, दाराला साडीचा पडदा. आल्या आल्या प्रत्येकीला विचारतात, “सकाळी काय खाल्लं?” काही नाही म्हणाली की आधी बिस्किटाचा पुडा. अॅड्रेनॅलिनचं किट हाताशी असतंच.

दुपारी यादीवर काही नावांपुढची जागा कोरीच राहिली. त्या मुलींच्या घरच्यांच्या ऊसतोड टोळ्या अजून कर्नाटकातून परतलेल्या नाहीत. त्यातल्या दोघींचं पंधरावं जूनमध्ये पुरं होतंय, तेही दाखला खरा मानला तर. आशाताईंनी मुकादमाला फोन लावला. तो म्हणाला, कारखान्याचा पट्टा पडला, गाळप संपलं की निघू. “निघायच्या दिवशी मिसकॉल दे,” त्या म्हणाल्या आणि त्या दोन नावांपुढे लाल पेनानं तारीख टाकली.