खुनाचं कलम लागलं म्हणून विम्याचा दावा संपत नाही

समजा, सायखेड्याच्या बाजारात कांदा उतरवून रात्री परतणारी पिकअप चोरट्यांनी अडवली, गाडी पळवली आणि त्या झटापटीत चालकाचा जीव गेला. दहाव्यालाच कुणीतरी सांगतं, "हा तर खून. अपघाताचा विमा कसा मिळेल?" अन् घरचे दावाच लावत नाहीत. हा गैरसमज फार महाग पडतो.

१९९५ मध्ये नागालँडमधल्या दिमापूरला प्रवासी म्हणून बसलेल्यांनी रिक्षाचालकाला मारून रिक्षा पळवली. विमा कंपनीने मालकाला रिक्षाची भरपाई दिली, चालकाच्या वारसांना मात्र खुनाचं कारण सांगून नकार दिला. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली 'रिटा देवी' खटल्यात हा नकार फेटाळला. मारणाऱ्याचा मुख्य हेतू काय होता, हे न्यायालयाने पाहिलं. त्या माणसाला संपवणं हाच हेतू असेल तर तो निव्वळ खून. हेतू गाडी चोरण्याचा असेल आणि त्या ओघात जीव गेला असेल तर तो अपघाती खून, आणि भरपाई मिळते. म्हणून फिर्यादीत गाडी किंवा माल लुटल्याची नोंद हवीच.

"चूक समोरच्याची होती हे सिद्ध करावं लागतं" हेही प्रत्येक दाव्यात खरं नसतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली १ एप्रिल २०२२ पासून मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मिळतात, कुणाचीही चूक न दाखवता. वाहनाच्या वापराशी संबंध मात्र हवा. तो किती दूरवर जातो? १९८७ मध्ये सातारा जिल्ह्यात पेट्रोलचा टँकर उलटला आणि चारेक तासांनी स्फोट झाला. त्यात दगावलेल्याच्या वारसांचा विनाचूक भरपाईचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये मान्य केला.

एक सावधगिरी. १६४ ची रक्कम तडजोडीत स्वीकारली की कलम १६६ खालचा मोठ्या भरपाईचा दावा संपतो. सही करण्याआधी वकिलाला विचारा.

स्वतःहून करून घेतलेल्या इजेचं वेगळं. गाडीमालक-चालकाच्या १५ लाखांच्या वैयक्तिक अपघात विम्यातून आत्महत्या, जाणूनबुजून केलेली स्वतःची इजा आणि नशेतला अपघात वगळलेला असतो. तिथे नकार कायदेशीर ठरतो.

घरातल्या कुणाचा असा घात झाला असेल, तर विमा एजंटच्या तोंडी नकारावर थांबू नका. फिर्यादीची प्रत, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल आणि गाडीची पॉलिसी घेऊन मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे जा.