मुंबईची नगररचना व पाण्याची वांटणी

केनवड (तालुका रिसोड, जिल्हा वाशीम) येथील वाचकास मुंबईच्या नळांचा इतिहास परका वाटण्याचा संभव आहे. तथापि गांवठाण एकीकडे, महारवाडा दुसरीकडे व पाणवठेही निरनिराळे, ही जुनी रचना वऱ्हाडांत कोणास समजावून सांगावी लागत नाहीं. मुंबईंत तशीच वांटणी वर्णभेदानें व यंत्रविद्येच्या साह्यानें कशी झाली, इतकेंच आम्हांस येथें दाखवावयाचें आहे.

किल्ल्याच्या आंत चर्चगेट रस्त्याच्या दक्षिणेस इंग्रज व उत्तरेस एतद्देशीय राहत. इ. स. १८०३ च्या आगींत उत्तरेकडील बराच भाग जळाला व पुष्कळ लोक तटाबाहेर वसले. किल्ला व ही वस्ती यांमध्यें तोफांच्या माऱ्यासाठीं मोकळें मैदान राखलें होतें. कारण लष्करी खरें, पण त्यामुळें एका शहराचीं दोन शहरें झालीं. १८६२ नंतर तट पडला, तरी तें अंतर मिटलें नाहीं.

पाण्याची हकीकत याहून बोधक आहे. १८५४ च्या अवर्षणानंतर विहार तलाव बांधून १८६० मध्यें नळानें पाणी शहरांत आणलें. काम स्तुत्य होतें. मात्र पाणी आणण्याची जितकी घाई झाली, तितकी सांडपाणी वाहून नेण्याची झाली नाहीं. दाट देशी वस्तींत गटारें अपुरीं असल्यानें तें तेथेंच मुरूं लागलें. पुढें तुळशी (१८७९) व तानसा (१८९२) येथील पाण्याची भर पडली. १८७२ च्या कायद्यानें म्युनिसिपालिटीच्या ६४ सभासदांपैकीं ३२ करदात्यांनीं निवडावयाचे ठरले. चाळींतील भाडेकरूस त्यांत मत नव्हतें. तक्रार करणार कोण?

१८९६ च्या सप्टेंबरांत मांडवींत डॉ. व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला. मग १८९८ त इंप्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्यानें समुद्राची हवा आंत यावी म्हणून रुंद रस्ते काढले. परंतु पाडलेल्या घरांतील माणसें शेजारच्या चाळींत शिरलीं व तेथील दाटी वाढली.

जातिभेदाचा प्रश्न तर नळ व रस्ते यांच्या आवांक्याबाहेरचा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले असावे, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेकौन्सिलानें १८२३ त नव्हे, तर १९२३ त, म्हणजे विहारचें पाणी आल्यावर त्रेसष्ट वर्षांनीं, संमत केला. १९२४ त महाडच्या नगरपालिकेनें चवदार तळें खुलें केलें. तरी २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं अनुयायांसह तेथील पाणी घेतांच दंगल झाली. खटल्याचा अखेरचा निकाल हायकोर्टानें १९३७ त अस्पृश्यांच्या बाजूनें दिला.