संरक्षण म्हणजे सौदा नव्हे

इ. स. ४१० च्या ऑगस्टमध्ये अलारिकचे व्हिसिगॉथ सैन्य रोममध्ये शिरले आणि तीन दिवस शहराची लूट चालली. सुमारे आठशे वर्षे त्या नगरीत परकीय शत्रूचे पाऊल पडले नव्हते. साहजिकच प्रश्न विचारला गेला : जुन्या देवतांची पूजा बंद करून रोमने ज्या ख्रिस्ताचा आश्रय घेतला, त्याने रोमचे रक्षण का केले नाही? निर्वासितांबरोबर हा प्रश्नही उत्तर आफ्रिकेत पोहोचला.

हिप्पोचे बिशप ऑगस्टिन यांनी ‘देवाचे नगर’ या बावीस भागांच्या ग्रंथात त्याचे उत्तर दिले. संपत्ती, आरोग्य, आयुष्य या गोष्टी सज्जनांना मिळतात तशाच दुर्जनांनाही, आणि दोघांकडूनही त्या हिरावल्या जातात. श्रद्धेच्या मोबदल्यात त्या हमखास मिळू लागल्या, तर माणूस ईश्वराची नव्हे, लाभाची उपासना करील. विमा कंपनीशी करार करावा तसा ईश्वराशी करार करता येत नाही, हा या युक्तिवादाचा गाभा होय.

मग दुष्टाचे सामर्थ्य किती? तरुणपणी ऑगस्टिन मानी पंथाचे अनुयायी होते. चांगले आणि वाईट या दोन स्वतंत्र शक्तींचा झगडा तो पंथ मानी. पुढे त्यांनी हे मत टाकले. वाईटाला स्वतःचे अस्तित्व नाही, ते चांगल्याचा ऱ्हास आहे, असे ते सांगू लागले. बांडगूळ झाड पोखरते खरे. परंतु झाडावाचून ते जगूही शकत नाही.

बायबलमधील ईयोबाच्या कथेतही सैतानाला प्रत्येक पावलाला अनुज्ञा घ्यावी लागते. मात्र त्याला घातलेली मर्यादा ईयोबाच्या मुलांचे प्राण वाचवीत नाही, हेही ती कथा लपवीत नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात तर देवदूत रक्षण करतील हे स्तोत्रातील आश्वासन खुद्द सैतानच उच्चारतो आणि येशूला मंदिराच्या शिखरावरून उडी टाकावयास सांगतो. येशू नकार देतो. संरक्षणाची परीक्षा पाहणे हा विश्वास नव्हे.

या विचारात एक धोका आहे. दुसऱ्याचे दुःख ही ईश्वराची योजना म्हणून स्वस्थ बसणे सोपे असते. ईयोबाचे मित्र त्याच्या दुःखाला त्याचेच पाप कारण ठरवीत होते. कथेच्या अखेरीस ईश्वर दोष देतो तो त्या मित्रांना.

स्वतः ऑगस्टिन यांच्यावरही कसोटीची वेळ आली. व्हँडल टोळ्या चालून येत असता, लोकांना गरज आहे तोवर धर्मगुरूंनी त्यांना सोडून जाऊ नये, असे त्यांनी लिहिले. ४३० साली हिप्पोला वेढा पडला असताना, २८ ऑगस्टला, त्याच नगरात त्यांनी देह ठेवला. पुढे नगर शत्रूच्या हाती पडले. तट वाचेल असे आश्वासन त्यांनी कोणाला दिले नव्हते. तटाच्या आत लोकांबरोबर राहण्याचे कर्तव्य तेवढे त्यांनी सांगितले, आणि पाळले.