गळ्याच्या हाडापासून नडगीपर्यंत

नरडाण्याहून महामार्गाने धुळ्याकडे निघाले की धुळ्याच्या अलीकडे, विमानतळाच्या अंगाला गोंदूर आहे. शिल्पकार राम सुतार यांचा जन्म या गावात १९२५ साली, सुतारकाम करणाऱ्या घरात झाला. श्रीराम कृष्ण जोशी या गुरूंनी मुलाचा हात ओळखला आणि त्याला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टची वाट दाखवली. तिथे १९५३ मध्ये त्यांना मेयो सुवर्णपदक मिळाले. पुढे पुरातत्त्व खात्यात अजिंठा-वेरूळच्या मूर्तींची दुरुस्ती, मग गांधीसागर धरणावरची चंबळ नदीची ४५ फुटी मूर्ती, आणि २०१८ मध्ये केवडियाचा १८२ मीटर उंचीचा सरदार पटेलांचा पुतळा. त्या पुतळ्यात १५३ मीटरवर, सरदारांच्या छातीच्या उंचीवर, प्रेक्षकांसाठी गॅलरी आहे.

सरदारांच्या अंगावर धोतर आहे, खांद्यावर शाल आहे. मग हाडे-स्नायू शिकायचे कशाला? कारण शालीची चुणी हाडाच्या टोकावरून सुटते. खांद्याचे टोक बोटभर चुकले की कापड नुसते लोंबते, आत माणूस आहे असे वाटतच नाही.

हे शिक्षण आपल्याकडे जुने आहे. सुश्रुतसंहितेत प्रेत मुंज गवतात गुंडाळून संथ वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायला आणि मग वाळ्याच्या कुंच्याने थर घासत आतले अवयव पाहायला सांगितले आहे. सुश्रुताने हाडे ३०० मोजली, कारण दात आणि कूर्चाही त्यात धरल्या. आजचा हिशेब २०६.

शिल्पकाराला मात्र २०६ हाडांची सुरुवातीला गरज नसते. शरीराच्या पुढच्या बाजूला जी हाडे थेट कातडीखाली येतात, तेवढी आधी पक्की हवीत. त्यांतले प्रस्तुत लेखकाचे लाडके म्हणजे गळ्याचे हाड. गर्भात सर्वांत आधी हेच हाड बनायला लागते, आणि पुरते पक्के व्हायला विशी उलटते. हात धडाला हाडाने जोडला जातो तो याच्या एकट्याच्या जोरावर; म्हणून दुचाकीवरून खांद्यावर आपटले की बहुधा हेच मोडते. छातीजवळ ते पुढे फुगते, खांद्याजवळ आत वळते. नवखे विद्यार्थी ते पट्टीने आखल्यासारखे सरळ काढतात आणि चित्रातला माणूस लाकडी होतो.

आरशासमोर उभे राहून मान उजवीकडे वळवा. डाव्या बाजूला कानामागून गळ्याच्या खळगीपर्यंत जाड दोर ताठ होतो. तो स्टर्नोक्लिडोमास्टॉइड स्नायू. डोके उजवीकडे फिरते ते डाव्या बाजूच्या ओढीने, हे एकदा बोटांनी चाचपले की पुस्तक उघडावे लागत नाही.

दंडाची बेटकुळी सगळ्यांना ठाऊक असते. कोपर वाकवून तळहात खाली करा, मग वर फिरवा. बेटकुळी लगेच उंच होते. हा स्नायू हात दुमडतो, तसाच तळहात उताणाही करतो. स्क्रू घट्ट पिळताना उजव्या हाताला जोर येतो तो इथून.

पोटावरच्या वड्या, बरगड्यांच्या बारा जोड्या, गुडघ्याची वाटी यांवर स्वतंत्र लेख होईल. नडगी मात्र सोडवत नाही. तिची आतली बाजू गुडघ्यापासून घोट्यापर्यंत सलग कातडीखाली आहे, वर स्नायूचे पांघरूण नाही. तिथे बसलेला मार म्हणूनच जिवाला लागतो. तिच्याच खालच्या टोकाचा आतला घोटा बाहेरच्या घोट्यापेक्षा वर असतो. पुतळा घडवणाऱ्याने माणूस नीट पाहिला आहे की नाही, हे घोट्यांवरून कळते.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या स्मरणचित्रात माणसे काढावी लागतात. खानदेशातल्या चित्रकला शिक्षकांना एवढीच विनंती: मुलांना छापील माणसे गिरवायला लावण्याआधी खिडकीच्या उजेडात एकमेकांचे गळ्याचे हाड आणि घोटे काढायला बसवा.