जुन्या गाडीला नवी चाल – लेखांक ६ : जिप्सीचे पाटे निवडताना

मागच्या लेखांकात चासीचा गंज पाहिला. चासी धडधाकट निघाली की बहुतेक जिप्सीमालक पहिली खरेदी करतात ती शॉकअपची. जाड नळीचे, चकचकीत रंगाचे, गॅस भरलेले शॉकअप दुकानात मांडलेले असतात आणि ते बसवले की गाडी मऊ होईल अशी आशा असते. माझं मत ठाम आहे : शॉकअप खरेदीच्या यादीत अगदी शेवटी यावेत. ते गाडीचं वजन पेलत नाहीत. वजन पेलतो पाटा, म्हणजे लीफ स्प्रिंग. पाटा दबून उसळला की ती उसळी विझवणं एवढंच शॉकअपचं काम. पाटा ठरायच्या आधी शॉकअप घेणं म्हणजे कोणती उसळी विझवायची हे माहीत नसताना ती विझवायला निघणं.

जिप्सी भारतात आली डिसेंबर १९८५ मध्ये. मूळ गाडी सुझुकीची एसजे४१०. ऑस्ट्रेलियात हेच घराणं सिएरा म्हणून विकलं गेलं, तर अमेरिकेत त्यातली मोठ्या इंजिनाची गाडी सामुराई या नावाने गेली. परदेशी भागांची माहिती शोधताना ही दोन नावं हाताशी ठेवा. जपानमधल्या जिमनीला नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कॉइल स्प्रिंग मिळाली, पण आपली जिप्सी उत्पादन थांबेपर्यंत चारही कोपऱ्यांत पाट्यांवरच राहिली. पुढे-मागे अखंड अ‍ॅक्सल आणि तो पाट्यांना यू-बोल्टने आवळलेला. इथे पाटा दोन कामं करतो : वजन उचलतो आणि अ‍ॅक्सलला जागेवर धरूनही ठेवतो. म्हणून जिप्सीला कॉइल बसवायच्या म्हटल्या की अ‍ॅक्सल धरायला वेगळे दांडे, त्यांचे ब्रॅकेट, चासीवर वेल्डिंग असं सगळं मागे लागतं. रोज वापरायच्या गाडीला हा घाट घालू नये असं मला वाटतं.

तेव्हा सुरुवात वजनकाट्यावर करा. टाकी भरलेली, हत्यारं आणि स्टेपनी जागेवर, नेहमी जेवढी माणसं बसतात तेवढी बसलेली, अशा अवस्थेत गाडी काट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाकं चढवून वजन घ्या, मग फक्त मागची. दोन्हींच्या बेरजेतून माणसांचं वजन वजा करा आणि उरलेला आकडा आरसी बुकातल्या रिकाम्या वजनाशी ताडून पाहा. लोखंडी बंपर, विंच, हार्डटॉप, छतावरचा कॅरियर यांनी काय केलंय ते कागदावर दिसेल. साधारण एक टनाच्या गाडीत पुढच्या टोकाला ऐंशी किलो वाढले तर पुढचे पाटे बसणारच, आणि त्यात पाट्यांचा दोष नाही. ही दोन वजनं न विचारता पाटे विकणाऱ्या दुकानातून पाटे घेऊ नका.

वजन कळल्यावर एक सोपं गणित उपयोगी पडतं. वजनाखाली पाटा जितके सेंटिमीटर दबतो, त्या आकड्याचं वर्गमूळ काढा आणि ५ ला त्याने भागा. उत्तर म्हणजे गाडी सेकंदाला किती हेलकावे घेईल. ६ सेंटिमीटर दबणारा पाटा सेकंदाला साधारण दोन हेलकावे देतो, १२ सेंटिमीटर दबणारा जवळपास दीड. माणसाच्या शरीराला एक ते दीडच्या आसपास बरं वाटतं. दोनच्या पुढे पाठ बोलू लागते. रिकामी जिप्सी खडखडते आणि पाच माणसं, सामान घेतलं की एकदम शहाणी होते, त्याचं कारण यातच आहे. वजन वाढतं, पाटा जास्त दबतो, हेलकावे मंदावतात. एकट्याने फिरणाऱ्याने भरलेल्या गाडीसाठी बनवलेले कडक पाटे घेतले तर जगातला कोणताही शॉकअप त्याला वाचवणार नाही.

नवे पाटे घेण्याआधी जुने उघडून पाहा, हे मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे. कोकणात, मुंबईच्या पावसात राहिलेल्या गाडीत पाट्यांच्या फटींत गंज साचतो. पाटे एकमेकांवर घसरायचे सोडून चिकटून बसतात, आणि पाच-सहा पाट्यांचा गठ्ठा लहान खड्ड्याला लोखंडाच्या एकाच जाड पट्टीसारखा वागतो. गठ्ठा सोडून प्रत्येक पाटा घासून घ्या, सेंटर बोल्टच्या भोकाजवळ तडा आहे का बघा, टोकांना ग्रॅफाइट ग्रीस लावा. त्याच वेळी बुश बदला. बुश बदलताना एक चूक सर्रास होते : गाडी जॅकवर टांगलेली असतानाच शॅकलचे (पाट्याचं एक टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या दुव्याचे) आणि पाट्याचे बोल्ट पक्के आवळले जातात. मग चाकं जमिनीला लागताच रबर पिळलं जातं आणि तसंच पिळलेलं राहतं. गाडी कडक होते, बुश लवकर फाटतात. बोल्ट आधी हातापुरते लावायचे, गाडी चाकांवर उभी करायची, दोन-चारदा दाबून हलवायची आणि मगच आवळायचे. एवढ्या कामावरच काहींना नव्या पाट्यांची गरज उरत नाही.

पॉलियुरेथेनच्या बुशांची सध्या बरीच चलती आहे. रबर पिळून काम करतं, पॉलियुरेथेन पिनेवर फिरून. त्याला ग्रीस लागतं, नाहीतर ते कुरकुरतं. चिखलापाण्यात वरचेवर जाणाऱ्या पण ग्रीसगन हातात न धरणाऱ्या मालकाने रबरच घ्यावं.

गाडी मऊ करायचा स्वस्त उपाय म्हणून गठ्ठ्यातला एक पाटा काढून टाकतात. गाडी मऊ होते खरी, पण काढलेल्या पाट्याचा ताण उरलेल्यांवर येतो आणि मेन पाटा तुटला तर अ‍ॅक्सल जागा सोडतो. घाटात हे घडणं किती महाग पडेल ते सांगायला नको. दुसऱ्या बाजूला, थोडा जाड पाटा घालून बघू, असं म्हणणाऱ्यांनीही जपावं. पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. ६ मिलिमीटरच्या जागी ७ चा पाटा आला की तो पाटा जवळजवळ १.६ पट कडक होतो, आणि ‘एकच मिलिमीटर’ हा शब्द फसवा ठरतो. ठोकून कमान वाढवलेला जुना पाटा तर पुन्हा बसतोच, कारण पोलादाची उष्णता-प्रक्रिया झालेली नसते.

खर्च करायची तयारी असेल तर पॅराबोलिक पाटे पाहावेत. यात पाट्याची जाडी मध्यापासून टोकाकडे कमी होत जाते, पाट्यांची संख्या थोडी असते आणि ते मध्यावर व टोकांनाच एकमेकांना टेकतात. घर्षण कमी, म्हणून लहान खड्डे छान गिळले जातात. पण जुन्या गठ्ठ्याचं घर्षण उसळी विझवायला थोडी मदत करत होतं, ती मदत जाते. पॅराबोलिकबरोबर शॉकअप चांगला हवाच.

आता उंचीचा मोह. लांब शॅकल लावले की गाडी चार पैशांत उचलली जाते. जिप्सीच्या पुढच्या पाट्याचं शॅकल पुढच्या टोकाला असतं. ते लांब केलं की पाटा नाक खाली करून कलतो, त्याबरोबर अ‍ॅक्सलचा वरचा भाग पुढे झुकतो आणि कॅस्टर, म्हणजे स्टिअरिंग सरळ ठेवणारा मागचा कल, घटतो. मग हायवेवर स्टिअरिंग सरळ राहत नाही, गाडी भटकते. पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये पाचरी घालून कोन परत मिळवता येतो, पण मग मुळात शॅकल लांब का केलं? पाटा अ‍ॅक्सलच्या वर नेण्याच्या पद्धतीत गाडी सुमारे पाच इंच उचलली जाते. त्यात स्टिअरिंगचा दांडा, प्रॉपेलर शाफ्टचे कोन, ब्रेकच्या नळ्या असं सगळंच बदलावं लागतं. शिवाय कलंडण्याचा धोका आहेच. १९८८ मध्ये अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’ या ग्राहक-मासिकाने सामुराई कलंडण्याच्या चाचणीत अस्वीकारार्ह ठरवली होती. सुझुकीने ते मान्य केलं नाही, १९९६ मध्ये खटला भरला आणि २००४ मध्ये तो तडजोडीने मिटला. चाचणी योग्य होती की नाही हा वाद बाजूला ठेवला तरी, आखूड आणि अरुंद गाडी उंच केली की ती लवकर कलंडते, हे भौतिकशास्त्र वादातलं नाही. आठवडाभर शहरात आणि सुट्टीला सह्याद्रीत फिरणाऱ्या जिप्सीला ४० ते ५० मिलिमीटरहून जास्त उंची देऊ नये, आणि तीही पाट्याच्या कमानीतून यावी.

इथवर आलात की शॉकअप. आधी दोन मापं घ्या. एक चाक दगडावर चढवून अ‍ॅक्सल बंप स्टॉपला टेकेल तेव्हा शॉकअपच्या दोन टोकांमधलं अंतर, आणि चाक पूर्ण लोंबकळत असतानाचं अंतर. शॉकअप मिटून त्याची लांबी पहिल्या मापापेक्षा कमी व्हायला हवी आणि उघडून दुसऱ्यापेक्षा जास्त. उचललेल्या गाडीत जुना शॉकअप ठेवला तर तोच साखळीसारखा ताणला जातो आणि त्याचा डोळा तुटतो. प्रकारांबद्दल थोडक्यात सांगतो. दोन नळ्यांचा शॉकअप लांबच्या खडबडीत रस्त्यावर तापतो, तेलाला फेस येतो आणि पकड सैल होते; कमी दाबाचा गॅस हा फेस बराच रोखतो. एका नळीचा मोनोट्यूब लवकर थंड होतो, पण त्याच्या नळीला दगडाने पोचा आला तर पिस्टन अडकतो. आपल्या घाटवाटांवरची सुटी दगडं पाहता मी दोन नळ्यांचा, गॅस भरलेला शॉकअपच निवडेन.

कायद्याचंही पाहून ठेवा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल यांनुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल करता येत नाही. झिजलेल्या पाट्याच्या जागी त्याच मापाचा पाटा ही दुरुस्ती आहे. पाच इंच उंची ही दुरुस्ती नव्हे. कामाला हात घालण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

काम झाल्यावर पाचशे किलोमीटरनी यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या, कारण नवे पाटे एकमेकांवर बसले की ते सैल पडतात. जुने यू-बोल्ट परत वापरू नका, ते एकदा ताणले गेलेले असतात. ब्रेकच्या रबरी नळ्या चाक लोंबकळताना ताणल्या जात नाहीत ना, हेही त्याच दिवशी पाहा. पुढच्या लेखांकात याच नळ्यांपासून सुरुवात करून ब्रेककडे वळू.